प्रवेश परीक्षेचे वेळापत्रक: वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत पदव्युत्तर प्रवेश परीक्षांविषयीची पत्रे सर्वांत जास्त आहेत. परीक्षा वेगवेगळ्या असल्या तरी बहुतेकांची तक्रार एकच आहे: वेळापत्रक केले, भिंतीवर लावले आणि आठवडाभरात मोडले. त्यांतील तीन पत्रे निवडून, थोडी संक्षिप्त करून, उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न: मी येळ्ळूरचा आहे. मेकॅनिकलची पदवी घेऊन दोन वर्षे झाली असून उद्यमबागेतील एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात काम करतो. दर आठवड्याला पाळी बदलते. एक आठवडा सकाळी सात ते दुपारी साडेतीन, पुढचा आठवडा दुपारी साडेतीन ते रात्री बारा. येत्या फेब्रुवारीत गेट, म्हणजे एम.टेक.ची प्रवेश परीक्षा, द्यायची आहे. यूट्यूबवर एका यशस्वी उमेदवाराने सांगितलेले रोज आठ तासांचे वेळापत्रक मी उतरवून घेतले, पण ते चार दिवसांपलीकडे चालत नाही. घरची थोडी भातशेती आहे, तिकडेही पाहावे लागते. मित्र म्हणतात, नोकरी सोड आणि अभ्यासाला बस. मी काय करावे?

उत्तर: तुम्ही उतरवून घेतलेले वेळापत्रक ज्याने केले, त्याच्याकडे दिवसाचे चोवीस तास मोकळे होते. ते तुमच्याकडे चालले नाही यात तुमच्या चिकाटीचा दोष नाही. ते दुसऱ्याच्या मापाने बेतलेले होते. वेळापत्रक करण्याआधी एक आठवडा काहीही न ठरवता फक्त नोंद ठेवावी: कामावरून घरी किती वाजता पोहोचलो, जेवण किती वाजता झाले, पुस्तक उघडून प्रत्यक्ष किती मिनिटे बसलो. पाळी बदलत असल्याने तुम्हाला ही नोंद दोन आठवडे ठेवावी लागेल आणि त्यातून एक नव्हे, दोन वेळापत्रके निघतील. पाळीच्या कामगाराने एकाच वेळापत्रकाचा हट्ट धरला की दर दुसऱ्या सोमवारी ते मोडणारच.

पहिल्या पाळीच्या आठवड्यात तुम्ही साडेचारच्या सुमारास घरी याल. अंग धुऊन, चहा घेऊन साडेपाच ते साडेसात असे दोन तास मिळतील, पण डोके दमलेले असेल. या आठवड्यात नवा विषय सुरू करू नये. शिकून झालेल्या भागावरील मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतील गणिते दहा-दहाच्या गटाने सोडवावीत. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात रात्री घरी पोहोचायला साडेबारा ते एक वाजतात. आठपर्यंत झोप पूर्ण करून साडेनऊ ते साडेबारा हे तीन तास ताज्या डोक्याचे मिळतात. नव्या संकल्पना, सिद्धता आणि किचकट आकृत्या यांसाठी हा आठवडा राखून ठेवावा. दुसरी पाळी म्हणजे अभ्यासाचे नुकसान असा समज सर्वत्र आहे, पण तुमचा हिशेब उलटा निघतो. फक्त रात्री बारानंतर घरी येऊन पुन्हा पुस्तक उघडण्याचा मोह टाळावा.

आता तासांची बेरीज करू. पहिल्या पाळीत आठवड्याचे 12 तास, दुसऱ्या पाळीत 18, म्हणजे सरासरी 15, आणि साप्ताहिक सुट्टीचे 4 धरून 19 तास होतात. जूनच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत साधारण 32 आठवडे आहेत. गणपती, दिवाळी आणि नोव्हेंबरातील भाताची सुगी यांसाठी तीन आठवडे आधीच वजा करावेत. बेळगावचा गणेशोत्सव अकरा दिवसांचा असतो आणि त्या दिवसांत आपण रोज तीन तास अभ्यास करू असे ठरवणे ही स्वतःची फसवणूक आहे. सुगीचेही तसेच. कापणी-मळणीला घरचे हात लागतात आणि पावसाची चिन्हे दिसली की पुस्तक बाजूला ठेवावेच लागते. उरलेल्या 29 आठवड्यांपैकी शेवटचे सात पूर्ण सराव परीक्षांसाठी ठेवले, तर अभ्यासक्रमासाठी 22 आठवडे, म्हणजे सुमारे 418 तास उरतात.

या 418 तासांपैकी केवळ दोन तृतीयांश, म्हणजे 280 तासांचेच काम कागदावर मांडावे. हा आळशीपणाचा सल्ला वाटेल, पण त्याला आधार आहे. 1994 मध्ये ब्युहलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी पदवीच्या अखेरच्या वर्षातील विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल असे विचारले. सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा होता आणि प्रत्यक्षात सुमारे 55 दिवस लागले. दिलेल्या अंदाजात काम संपवणारे विद्यार्थी जेमतेम तीस टक्के होते. आपण आपल्या कामाचा अंदाज करताना सगळे सुरळीत चालेल असेच गृहीत धरतो. उरलेले 138 तास पाहुणे, ताप, ओव्हरटाइम आणि मागे राहिलेला भाग यांच्यासाठी आहेत. ते रिकामे राहिले तर उजळणीला वापरावेत.

गेटची प्रश्नपत्रिका तीन तासांची, 65 प्रश्नांची आणि 100 गुणांची असते. त्यांतील 15 गुण जनरल ॲप्टिट्यूडचे आणि मेकॅनिकलच्या पत्रिकेत साधारण 13 गुण इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सचे असतात. शंभरातील 28 गुण हातचे सोडून थेट थर्मोडायनॅमिक्सकडे धावणारे उमेदवार दरवर्षी दिसतात. तुमच्या 280 तासांची वाटणी मी अशी सुचवेन: गणिताला 45 तास, ॲप्टिट्यूडला 15, इंजिनिअरिंग मेकॅनिक्स आणि स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स मिळून 55, थिअरी ऑफ मशीन्स, व्हायब्रेशन्स आणि मशीन डिझाइन मिळून 45, फ्लुइड मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्स आणि हीट ट्रान्स्फर मिळून 75, मॅन्युफॅक्चरिंग आणि इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगला 45. सुरुवात गणित आणि स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सने करावी, कारण पुढचे बरेचसे विषय त्यांवर उभे आहेत. ॲप्टिट्यूडचे 15 तास एकत्र न वापरता पाळी बदलण्याच्या दिवशी अर्धा-पाऊण तास असे वापरावेत. त्या दिवशी याहून जड काही होत नाही.

मॅन्युफॅक्चरिंगला तास कमी ठेवले आहेत, कारण तुम्ही त्याच कामात वावरता. मात्र कारखान्यातील कामाची ओळख आणि परीक्षेतील उत्तर यांत एक फट असते, ती बुजवावी लागेल. एक उदाहरण घ्या. एकाच धातूचे, एकाच प्रकारच्या साच्यात ओतलेले दोन घनाकृती तुकडे आहेत. एकाची बाजू 10 सेंटिमीटर, दुसऱ्याची 20. दुसऱ्याला गोठायला पहिल्याच्या किती पट वेळ लागेल? जाड कास्टिंग (ओतीव तुकडा) उशिरा गोठते हे तुम्ही रोज पाहता, आणि दुप्पट बाजू म्हणजे आठपट धातू, म्हणून हात आपसूक आठ लिहितो. चव्होरिनोव्हच्या नियमानुसार हा वेळ आकारमान भागिले पृष्ठफळ या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. घनाचे ते गुणोत्तर बाजूचा सहावा भाग असते, म्हणून बाजू दुप्पट झाली की गुणोत्तर दुप्पट आणि वेळ चौपट होतो. उत्तर चार. असा प्रश्न चुकला की चुकांच्या वहीत एवढेच लिहावे: ‘आठ लिहिले. आकारमानावरून उडी मारली, पृष्ठफळ विसरलो.’ नुसते ‘कास्टिंग कच्चे आहे’ अशी नोंद केली तर तिचा पुढे काहीही उपयोग होत नाही.

ही चुकांची वही तुमच्या वेळापत्रकाचा खरा कणा ठरेल. प्रत्येक चुकीपुढे तिचे कारण लिहावे: संकल्पनाच माहीत नव्हती, सूत्र चुकले, एकक बदलायचे राहिले, प्रश्न नीट वाचला नाही किंवा वेळ पुरला नाही. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी वही चाळून पुढच्या आठवड्याचे काम ठरवावे. सातपैकी पाच चुका एककांच्या असतील, तर पुढच्या आठवड्यात नवा धडा घेण्यापेक्षा तेच वळण मोडायला हवे. वर दिलेली तासांची वाटणी या वहीच्या साक्षीने दर महिन्याला बदलावी. पहिल्या दिवशी केलेले वेळापत्रक फेब्रुवारीपर्यंत जसेच्या तसे राहिले असेल, तर वही कोणी उघडलेली नाही असे समजावे.

डिसेंबरच्या मध्यापासून पूर्ण तीन तासांच्या सराव परीक्षा सुरू कराव्यात. गेटची सत्रे सकाळी साडेनऊ ते साडेबारा आणि दुपारी अडीच ते साडेपाच अशी असतात. आपल्या विषयाचे सत्र जाहीर झाले की सराव त्याच वेळेत करावा. परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही, पडद्यावरचाच वापरावा लागतो आणि माऊसने आकडे दाबण्याची सवय नसेल तर त्यात बराच वेळ जातो, म्हणून सरावातही तोच वापरावा. बहुपर्यायी प्रश्नांत एका गुणाच्या चुकीला एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या चुकीला दोन तृतीयांश गुण वजा होतात. एकाहून अधिक पर्याय बरोबर असणाऱ्या प्रश्नांना आणि संख्या टंकून द्यायच्या प्रश्नांना वजावट नाही, तेव्हा ते कोरे सोडू नयेत. चार पर्यायांत डोळे झाकून ठोकलेल्या उत्तरांचा सरासरी हिशेब शून्य येतो, पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर हिशेब आपल्या बाजूने झुकतो. तीन तासांची पत्रिका दिली की तितकाच वेळ ती तपासण्यासाठी ठेवावा. आठवड्याला दोन पत्रिका देऊन एकही न तपासणे याला सराव म्हणता येणार नाही.

नोकरी सोडण्याचे म्हणाल, तर माझे मत नको असे आहे. गेटचा स्कोअर निकालापासून तीन वर्षे चालतो, त्यामुळे या फेब्रुवारीत मनासारखे गुण पडले नाहीत तरी सारे बुडाले असे होत नाही. पगार थांबला की घरातले प्रश्न वाढतात आणि मोकळे झालेले आठ तास त्या प्रश्नांच्या काळजीत जातात. त्यापेक्षा साठलेली रजा जानेवारीत सलग पंधरा दिवस घेता येईल का, याविषयी सुपरवायझरशी दिवाळीपूर्वीच बोलून ठेवावे. गेटद्वारे पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांना दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळते. नोकरी सोडायचीच असेल तर ती एम.टेक.ला प्रवेश मिळाल्याचे पत्र हातात आल्यावर सोडावी. नोंदणी साधारण ऑगस्टअखेरीस सुरू होते. त्या वर्षीच्या माहितीपत्रकातील शहरांची यादी पाहून जवळचे केंद्र मागावे आणि पहिल्याच आठवड्यात अर्ज भरून मोकळे व्हावे.

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यातील आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. सध्या बेळगावात कॉम्प्युटर सायन्सला असून ऑगस्टमध्ये सातवे सेमिस्टर सुरू होईल. पदवीनंतर पुढील वर्षीच्या फॉल सत्रासाठी (ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या) अमेरिकेत एम.एस.ला जायचे आहे, त्यासाठी जीआरई द्यायची आहे. गणिताची भीती वाटत नाही, पण इंग्रजी शब्दांनी जेरीस आणले आहे. एका ॲपवरून रोज पन्नास शब्द पाठ करते आणि आठवड्याने निम्म्याहून अधिक विसरलेले असतात. शिवाय सुट्टीत गावी असले की पावसात वीज आणि नेट दोन्ही जाते. मला किती महिने लागतील?

उत्तर: किती महिने लागतील हे ठरवण्याआधी किती महिने आहेत ते पाहू. फॉल सत्राच्या अनेक अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. अधिकृत गुण परीक्षेनंतर आठ ते दहा दिवसांत मिळतात आणि पुन्हा परीक्षा द्यायची तर मध्ये किमान 21 दिवस जावे लागतात. म्हणून पहिली परीक्षा सप्टेंबरअखेर आणि गरज पडली तर दुसरी ऑक्टोबरअखेर, असे मागून मोजत यावे. नोव्हेंबर-डिसेंबर विद्यापीठांचे अर्ज, शिफारसपत्रे आणि सेमिस्टरच्या परीक्षा यांत जाणार, तिथे जीआरई ढकलू नये. आज जूनचा शेवट धरला तर हाती चौदा आठवडे आहेत. रोज अडीच तास मिळाले तर ते पुरेसे आहेत. त्याआधी एक चौकशी मात्र करावी. अनेक विद्यापीठांनी जीआरईची सक्ती काढून टाकली आहे. आपल्या यादीतील विभागांना ती खरोखर हवी आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळांवर पाहून मगच फी भरावी.

सप्टेंबर 2023 पासून ही परीक्षा पूर्वीच्या जवळजवळ निम्म्या वेळेची, 1 तास 58 मिनिटांची झाली आहे. जुनी पुस्तके आणि सीनियर मुलींनी दिलेली वेळापत्रके वापरताना एवढे ध्यानात ठेवावे, कारण त्यांतील पावणेचार तासांच्या बैठकीचा सराव आता लागत नाही. सुरुवातीला 30 मिनिटांचा एक निबंध असतो. मग व्हर्बलचे, म्हणजे इंग्रजी भाषेचे, दोन भाग असतात, 12 प्रश्न 18 मिनिटांत आणि 15 प्रश्न 23 मिनिटांत. क्वांटचेही, म्हणजे गणिताचेही, दोन भाग, 12 प्रश्न 21 मिनिटांत आणि 15 प्रश्न 26 मिनिटांत. व्हर्बलला प्रश्नामागे दीड मिनिट आणि क्वांटला पावणेदोन मिनिटे, असा हा हिशेब आहे. पहिला भाग कसा सोडवला त्यावर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते, म्हणून पहिल्या बारा प्रश्नांत धांदल करणे महागात पडते. चुकीच्या उत्तराला वजावट नाही.

आता शब्दांविषयी. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठ केलेल्या निरर्थक अक्षरगटांचा मोठा भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच विसरला जातो आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. तुमचे विसरणे हे मराठी माध्यमामुळे नाही. पन्नासांचा ढीग एकदा पाहून पुढे सरकणाऱ्या कोणाचेही तेच होईल. रोज बारा शब्द घ्यावेत आणि प्रत्येक गटाची उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि बाविसाव्या दिवशी करावी. तिसऱ्या आठवड्यानंतर कोणत्याही दिवशी बारा नवे आणि अठ्ठेचाळीस जुने, म्हणजे साठ शब्द डोळ्यांखालून जातात आणि ते पाऊण तासात होते. हेच रोज पन्नासने केले तर दिवसाला अडीचशे होतात, म्हणजेच उजळणी कधीच होत नाही. उजळणी करताना अर्थ वाचू नये. तो झाकून आधी आठवावा आणि मगच पाहावा. आठवण्याचा प्रयत्न हीच खरी उजळणी असते. शब्द कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिले, तर नेट गेले तरी काम थांबणार नाही, आणि खानापूर-बेळगाव बसमध्येही ते सहज होते. दहा आठवड्यांत आठशेहून अधिक शब्द पक्के होतील. शेवटच्या चार आठवड्यांत नवे शब्द घेऊ नयेत.

मात्र व्हर्बल म्हणजे केवळ शब्दसंग्रह नव्हे आणि येथे बहुतेक मुलींचे वेळापत्रक एकीकडे कलते. प्रश्नांचा मोठा वाटा उताऱ्यांवरील आकलनाचा असतो. रोज एक उतारा वाचून झाल्यावर प्रश्न पाहण्यापूर्वी, लेखकाचे म्हणणे काय हे एका मराठी वाक्यात मोठ्याने सांगावे. ते सांगता आले नाही तर उतारा समजलेला नाही, मग त्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा असला तरी. तुम्ही दोन भाषांत विचार करता, त्याचा हा फायदा करून घ्यावा. इंग्रजी वाक्य इंग्रजीतच घोळवणाऱ्याला आपण समजलो आहोत असा भास लवकर होतो.

गणिताची भीती नाही हे चांगले, पण म्हणून त्याला वेळच न देणे धोक्याचे आहे. त्यात कॅल्क्युलस किंवा त्रिकोणमिती नसते. अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि विदा-विश्लेषण (डेटा ॲनालिसिस) एवढाच शालेय आवाका असतो आणि म्हणूनच कॉलेजात पुढचे गणित शिकलेली मुले त्यात गाफील राहतात. एका रकान्यात x चा वर्ग आणि दुसऱ्यात x दिला, तर मोठे कोणते? दोन घालून पाहिले की वर्ग मोठा येतो आणि घाईत तेच उत्तर जाते. अर्धा घातला तर x मोठा आणि एक घातला तर दोन्ही समान, म्हणून योग्य पर्याय ‘दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही’ हा आहे. अशा प्रश्नात शून्य, एक, अपूर्णांक आणि ऋण संख्या घालून पाहण्याची सवय लागेपर्यंत रोज अर्धा तास द्यावा. निबंधासाठी आठवड्यातून एकदा तीस मिनिटे घड्याळ लावून संगणकावर टाइप करावे. परीक्षेच्या खिडकीत स्पेलिंग सुधारणारी सोय नसते.

पॉवरप्रेप ऑनलाइनच्या दोन पूर्ण सराव परीक्षा ईटीएस ही परीक्षा घेणारी संस्था विनामूल्य देते. त्या मोजक्याच आहेत, म्हणून उत्साहाच्या भरात पहिल्या आठवड्यातच दोन्ही संपवू नयेत. एक पाचव्या-सहाव्या आठवड्यात द्यावी आणि दुसरी परीक्षेच्या दहा दिवस आधी. पहिलीत कमी पडलेल्या भागाला पुढच्या आठवड्यांचा वेळ वाढवून द्यावा, मग तो भाग तुमच्या अंदाजापेक्षा वेगळा निघाला तरी.

घरून परीक्षा देण्याची सोय आहे, परंतु पावसाळ्यात खानापूर तालुक्यात ती घेऊ नये. हेस्कॉमची वीज आणि जंगलपट्टीतील नेट यांच्या भरवशावर दोन तासांची परीक्षा ठेवणे योग्य नाही. नोंदणी करताना दिसतील त्यांतील सोयीचे केंद्र घ्यावे आणि ते पुणे-बेंगळुरूसारख्या दूरच्या शहरात असेल तर रात्रभर बसने जाऊन सकाळी थेट परीक्षेला बसण्याऐवजी आदल्या दिवशी पोहोचावे. पासपोर्ट नसेल तर त्याचा अर्ज हे वेळापत्रकातील पहिल्या आठवड्याचे काम आहे. आपल्याकडे एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर आद्याक्षरे, आधारवर वडिलांचे नाव आणि कॉलेजात आडनाव, असा घोळ नेहमी असतो. नोंदणीतील नाव पासपोर्टावरील नावाशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. तो घोळ सप्टेंबरात उघडकीस आला तर शब्दांच्या चिठ्ठ्या कामी येणार नाहीत.

प्रश्न: आम्ही निपाणीचे. मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला महाराष्ट्रात, शक्यतो कोल्हापूर किंवा पुण्यात, एमबीए करायचे असून त्यासाठी तो महाराष्ट्राची एमबीए सीईटी देणार आहे. त्याला रोज किती तास बसवावे? त्याचे वेळापत्रक मी तयार केले आहे, पण तो ते पाळत नाही.

उत्तर: ते तुम्ही तयार केले आहे म्हणूनच तो पाळत नसावा. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाच्या अभ्यासाची वाटणी त्यालाच करू द्यावी. आठवड्यातून एकदा, रविवारी जेवण झाल्यावर, या आठवड्यात काय झाले एवढेच विचारावे.

या परीक्षेत 150 मिनिटांत 200 प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद. त्यांतील 75 प्रश्न तार्किक विचारांचे, 25 आकृत्यांवरचे, 50 गणिताचे आणि 50 इंग्रजीचे असतात. अभ्यासक्रम फार खोल नाही, अडचण वेगाची आहे. म्हणून लांब बैठकांपेक्षा रोज चाळीस मिनिटांचे, घड्याळ लावून सोडवलेले पन्नास प्रश्नांचे दोन संच उपयोगी पडतात. बी.कॉम.च्या सेमिस्टर परीक्षांपर्यंत एवढे पुरे. त्या संपल्यावर आठवड्याला दोन पूर्ण परीक्षा द्याव्यात. चुकीच्या उत्तराला वजावट नसल्याने एकही प्रश्न कोरा राहू नये. शेवटची तीन मिनिटे उरलेल्या प्रश्नांना उत्तर नोंदवण्यासाठी राखण्याची सवय त्याने पहिल्या सराव परीक्षेपासूनच लावून घ्यावी. अवघड कोड्यात चार-पाच मिनिटे अडकून राहणे ही हुशार मुलांची खोड असते. ती त्याला आहे का, हे पहिल्या दोन संचांतच त्याला कळेल.

तुम्ही हातात घ्यावे असे काम वेगळे आहे. महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत वादग्रस्त सीमाभागातील, मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र उमेदवारी प्रकार आहे. त्यासाठी शिक्षण या भागातील संस्थेत झाल्याचे आणि मातृभाषा मराठी असल्याचे दाखले विहित नमुन्यांत लागतात. हे नमुने माहितीपुस्तिकेच्या शेवटी दिलेले असतात. अनेक पालक निकालानंतर धावाधाव करतात आणि प्रवेशफेरीची मुदत दाखल्यावाचून निघून जाते. गेल्या वर्षीची पुस्तिका उतरवून घेऊन शाळेचा आणि कॉलेजचा दाखला, मार्क्स कार्डे आणि गावाचा रहिवास दाखवणारी कागदपत्रे आताच एका फाइलीत लावावीत. नवी पुस्तिका आली की नमुन्यात काही बदल झाला आहे का ते पाहून, मुलगा सराव परीक्षा देत असेल त्या दिवसांत, तुम्ही तहसील कार्यालयात अर्ज देऊन यावा.